अग्रहक्क, अनियंत्रित विमानतळावरील

नियंत्रण मनोरा नसलेल्या किंवा त्या वेळी बंद असलेल्या विमानतळावर कोणत्या विमानाने कोणाला वाट द्यावी, हे ठरवणारे नियम. उपकरण-नियमांनी (आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारे) येणारे आणि दृश्य-नियमांनी (व्हीएफआर, म्हणजे बाहेर पाहून) उडणारे विमान एकाच धावपट्टीकडे वळले की हा प्रश्न विशेष अवघड होतो.

वाट देण्याच्या नियमांचे मूळ सागरी वाहतुकीत आहे, असे सामान्यतः मानतात. १९१९ च्या पॅरिस कराराच्या जोडपत्रात ते विमानांसाठी मांडले गेले. केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करून उतरण्याचा अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटलचा प्रयोग त्यानंतरचा, १९२९ चा आहे. विमान कोणत्या नियमांनी उडते याला हे नियम महत्त्व देत नाहीत, त्याचे कारण बहुधा या कालक्रमात असावे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयसीएओ) दुसऱ्या परिशिष्टानुसार उतरणाऱ्या किंवा उतरण्याच्या अंतिम टप्प्यातील विमानाला इतरांनी वाट द्यावी. दोन विमाने उतरायला येत असतील, तर वरच्याने खालच्याला. मात्र खालच्याने याचा फायदा घेऊन अंतिम टप्प्यातील विमानापुढे घुसू नये.

दूरच्या केंद्रातील नियंत्रकाने दिलेली उपकरण-उपगमनाची (उपकरणांच्या आधारे उतरायला येण्याची) परवानगी म्हणजे धावपट्टी राखीव झाली, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. अमेरिकेत अशा ठिकाणी नियंत्रक उपकरण-विमानाला दुसऱ्या उपकरण-विमानापासूनच दूर ठेवतो. म्हणूनच पहिल्याने उतरून आपली उड्डाण-योजना बंद केल्याचे कळवेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते. घिरटी-मार्गातील (सर्किट, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीभोवती घ्यायचा ठरावीक फेरा) विद्यार्थ्याचे छोटे विमान या हिशेबात नसते. ढगांखाली आल्यावर ‘पाहा आणि टाळा’ हे तत्त्व दोघांनाही सारखेच लागू पडते.

खरा वाद ‘अंतिम उपगमन’ कोठे सुरू होते, यावर आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या (एफएए) परिभाषासंग्रहात त्याच्या दोन व्याख्या आहेत. उपकरण-उपगमनात ते धावपट्टीपासून बहुधा काही मैलांवरील ठरावीक बिंदूपासून सुरू होते. घिरटी-मार्गात ते सामान्यतः आडव्या पायावरून (बेस लेग, फेऱ्याचा धावपट्टीला काटकोनातील भाग) शेवटचे वळण घेतल्यावर. पहिली व्याख्या शब्दशः धरली, तर पाच मैलांवरील विमान वळणाच्या बेतात असलेल्याला अडवू शकेल. काही वैमानिक तसेच मानतात. मात्र प्रशासनाच्या सल्लापत्रकांचा कल दुसरीकडे आहे: सरळ येणाऱ्याने घिरटी-मार्गातील ओघ विस्कळीत करू नये. हे मत अधिक ग्राह्य वाटते. सल्लापत्रक हा कायदा नव्हे, एवढी त्याची मर्यादा.

कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे १८ ऑगस्ट २०२२ रोजी सरळ उतरू पाहणारे दुइंजिनी सेसना ३४० आणि घिरटी-मार्गातील सेसना १५२ यांची टक्कर होऊन तिघे मृत्युमुखी पडले. सेसना ३४० च्या वैमानिकाने दुसरे विमान पाहून टाळले नाही, असा तपासाचा निष्कर्ष होता. त्याने अतिवेगाने सरळ येण्याचा घेतलेला निर्णयही त्यात नोंदला आहे.

रेडिओवरील भाषा हा त्याच प्रश्नाचा भाग आहे. उपकरण-वैमानिक नकाशावरील बिंदूचे नाव सांगतो, ते नवशिक्याला ठाऊक नसते. त्यापेक्षा ‘ईशान्येस पाच मैल, सरळ उतरतो आहे’ असे सांगितलेले बरे. रेडिओ नसलेले विमान मात्र यातूनही सुटते. संदेश ऐकला म्हणजे विमान दिसलेच असेही नाही : ऑस्ट्रेलियातील मँगलोरजवळ (कर्नाटकातील मंगळूर नव्हे) १९ फेब्रुवारी २०२० रोजी धडकलेली दोन्ही विमाने उपकरण-नियमांनीच उडत होती आणि नियंत्रकाने दोघांनाही एकमेकांची माहिती दिली होती.

भारत आयसीएओचा सदस्य असल्याने येथील नियमांची चौकट तीच आहे. महाराष्ट्रात बारामतीसारख्या धावपट्टीवर वैमानिक-प्रशिक्षण चालते. तेथे प्रशिक्षणार्थींच्या घिरट्यांमध्ये बाहेरून आलेले वेगवान विमान सामावून घेणे, हे या नियमांचे प्रत्यक्ष उपयोजन होय.