शोधनिबंधांची संख्या आणि सायटेशन यांची गल्लत

अपस्मारावर, म्हणजे वारंवार आकडी येण्याच्या आजारावर, काम करणाऱ्या एखाद्या चेतावैज्ञानिकाची (मेंदू व मज्जासंस्थेच्या अभ्यासकाची) ओळख करून देताना शोधनिबंधांचा आकडा आणि सायटेशनचा आकडा एका दमात सांगितले जातात आणि दोन्हींचा अर्थ एकच, म्हणजे ‘माणूस मोठा’, असा घेतला जातो. नियुक्तीच्या शिफारशींपासून सत्काराच्या निवेदनांपर्यंत हा घोळ इतक्यांदा वाचनात आला आहे की तो सविस्तर सोडवणे मला आवश्यक वाटते.

निबंधांच्या संख्येबद्दल फार सांगायला नको. किती छापून आले, एवढेच ती सांगते. शेकडो रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून लिहिलेला अभ्यास आणि एकाच रुग्णाची दोन पानी नोंद तिच्या लेखी सारखीच.

सायटेशन म्हणजे इतरांनी आपल्या निबंधात त्या कामाचा दिलेला संदर्भ. इथवर सर्वांना ठाऊक असते. फसगत होते ती पुढे. संदर्भ दिला म्हणजे ते काम कुणाच्या तरी उपयोगी पडले, इतकेच सिद्ध होते. तो उपयोग निष्कर्षाचा होता, पद्धतीचा होता की केवळ व्याख्येचा, हे आकड्यावरून कळत नाही, आणि अपस्माराच्या क्षेत्रात हा फरक फार मोठा आहे.

रोनाल्ड रॅसीन यांचा 1972 चा निबंध घ्या. उंदरांच्या मेंदूला विजेचे सौम्य झटके वारंवार दिल्यावर आकडी कशी वाढत जाते, हा त्याचा विषय. त्यात त्यांनी आकडीच्या तीव्रतेच्या पाच पायऱ्या मांडल्या: तोंड व चेहऱ्याच्या हालचाली, मान हलणे, पुढच्या पायाचे झटके, मागच्या पायांवर उभे राहणे आणि शेवटी तोल जाऊन पडणे. आज एखाद्या नव्या औषधाची उंदरांवर चाचणी घेणारा संशोधक ‘पद्धती’ या भागात एक वाक्य लिहितो, की आकडीची तीव्रता रॅसीन यांच्या पायऱ्यांनुसार मोजली, आणि संदर्भ देऊन पुढे जातो. रॅसीन यांच्या मूळ प्रश्नाशी त्याचा काही संबंध नसला तरी सायटेशन एकाने वाढते.

याच्या शेजारी पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांचा 2000 चा निबंध ठेवा. आधी उपचार न झालेल्या 470 रुग्णांपैकी 222 जणांच्या, म्हणजे 47 टक्क्यांच्या, आकड्या पहिल्याच औषधाने थांबल्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी 67 जणांच्या, म्हणजे 14 टक्क्यांच्या. पहिले औषध निष्फळ ठरल्यावर पुढच्या औषधांकडून किती आशा ठेवावी, हा त्यातला प्रश्न आहे, आणि ज्यांनी तो निष्कर्ष पडताळला, पुढे नेला किंवा त्यावर आक्षेप घेतला त्यांनी तो संदर्भ वादाचा विषय म्हणून दिला. आक्षेपाचाही एक आणि सहमतीचाही एकच गुण! मोजपट्टी म्हणून वापरलेला निबंध आणि उपचाराचा विचार बदलणारा निबंध सायटेशनच्या एकाच रकान्यात बसतात. दोन्हींचे मोल मोठे आहे, पण ते एकाच जातीचे नाही, आणि कुणाच्या योगदानाबद्दल लिहिणाऱ्याने ते न सांगणे मला अक्षम्य वाटते. त्यासाठी संदर्भ देणारे दहा-वीस निबंध उघडून तो ‘पद्धती’त आला आहे की ‘चर्चे’त, एवढे पाहिले तरी पुरते.

होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक हा तिढा सोडवतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन आहेत, पण अकरांना प्रत्येकी अकरा नाहीत, त्याचा एच दहा. तो सोडवत नाही. दहा निबंध, प्रत्येकाला हजार सायटेशन: एच दहा. चाळीस निबंध, त्यांतल्या दहांना प्रत्येकी दहा आणि उरलेल्यांना त्याहून कमी: एच तेव्हाही दहाच. शिवाय अपस्माराच्या जनुकीय अभ्यासांत अनेक देशांतील गट एकत्र येतात, लेखकांची यादी लांबलचक होते आणि त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण सायटेशन जमा होते.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर कुणा व्यक्तीच्या नावापुढे लिहू नये, कारण ती त्या नियतकालिकातील आधीच्या दोन वर्षांच्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी असते. आणि सायटेशनचा आकडा देताना तो गूगल स्कॉलर, स्कोपस की वेब ऑफ सायन्स यांपैकी सायटेशन मोजणाऱ्या कोणत्या सूचीचा, तसेच कोणत्या तारखेचा, हे लिहावेच. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच जाहीर केलेले निबंध) मोजत असल्याने त्याचा आकडा सहसा मोठा येतो.