मालदीवची जुनी समुद्रपातळी : वाद अर्ध्या-एक मीटरचा

मालदीवमध्ये भरती-ओहोटीची सलग यांत्रिक नोंद सुरू झाली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस. मुंबईत अपोलो बंदरावरची नोंद १८७८ पासूनची आहे. त्यामुळे मालदीवचा १९८० च्या दशकाआधीचा समुद्र समजून घ्यायचा तर प्रवाळांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि या शतकातले दोन मोठे वाद त्यातूनच निघाले.

हिमयुग ऐन भरात असताना, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता, हे बार्बाडोसच्या बुडालेल्या प्रवाळांत घेतलेल्या बोअरमधून १९८९ मध्ये पुढे आले. ताहितीजवळ २००५ मध्ये घेतलेल्या बोअरमधून दिसले की सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी साडेतीनशे वर्षांच्या आत पाणी १४ मीटरच्या आसपास चढले होते. एवढ्या मोठ्या हिशेबात अर्धा मीटर इकडेतिकडे चालून जातो. मालदीवमध्ये तोच अर्धा मीटर निर्णायक आहे, कारण तिथे उधाणालाही भरती-ओहोटीतला फरक सव्वा मीटरच्या आतच असतो.

इथे उपयोगी पडतो मायक्रोअॅटॉल. पोराइट्स जातीचा गोल प्रवाळ वाढत वाढत उधाणाच्या ओहोटीच्या पातळीला पोचला की त्याचा माथा उघडा पडून मरतो. पुढे तो फक्त कडेने पसरतो, वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. पाणी चढले की कड वर उचलली जाते, उतरले की नवी कड खालच्या पातळीवर वाढते. उभा काप काढून एक्स-रे घेतला की वर्षावर्षाचे पट्टे मोजता येतात. मात्र माथा मेलेला दिसला म्हणजे पाणी उतरले, असे नाही. १९९८ च्या विरंजनात (प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटनेत) मालदीवचे बहुतेक उथळ प्रवाळ मेले, ते पाणी तापल्यामुळे.

वय ठरवायला युरेनियम-थोरियम पद्धत वापरतात : सांगाड्यातल्या युरेनियमचे किती थोरियम झाले यावरून वय काढायचे. त्यासाठी सांगाडा प्रवाळाने बनवलेल्या मूळच्या खनिजाचा, अॅरागोनाइटचाच असावा लागतो. पावसाच्या पाण्याने त्याचे कॅल्साइट हे दुसरे खनिज झाले असेल तर युरेनियम आतबाहेर झालेले असू शकते आणि वय फसते. म्हणून नमुना आधी क्ष-किरण विवर्तनाने तपासतात. कार्बन-१४ घेतला तर समुद्राच्या पाण्यातल्या जुन्या कार्बनपोटी काही शतके वजा करावी लागतात.

वयापेक्षा उंची जास्त दगा देते. वादळाने प्रवाळखडकाच्या कडेला तुकड्यांचा बांध टाकला की आतले पाणी ओहोटीलाही पूर्ण उतरत नाही. अशा साचलेल्या पाण्यातला मायक्रोअॅटॉल खुल्या समुद्रातल्यापेक्षा सहज काही दशांश मीटर उंच वाढतो. बांध पुढे फुटून वाहून गेला की हजारो वर्षांनी तोच मायक्रोअॅटॉल जुन्या, उंच समुद्राचा पुरावा वाटतो. यावर उपाय एकच : त्याच खडकावरचे, खुल्या पाण्याशी जोडलेले अनेक जिवंत मायक्रोअॅटॉल मोजायचे, मृत माथे त्याच बेंचमार्कवरून (उंचीच्या पक्क्या खुणेवरून) लेव्हल यंत्राने मोजायचे, आणि उंची सांगायची ती जिवंतांच्या तुलनेत.

२००४ मध्ये छापून आलेल्या दाव्यात ही शिस्त नव्हती. १९७० ते १९८० च्या दशकांत मालदीवचा समुद्र २० ते ३० सेंटिमीटर उतरला, असे त्यात म्हटले होते. आधार मुख्यतः पुळणींच्या रूपांचा होता आणि कारण वाढत्या बाष्पीभवनाचे दिले होते. दोन वर्षांच्या आत त्यावर सविस्तर खंडने आली, आणि ती योग्यच होती. मालदीवच्या बेटांवर मान्सून फिरला की वाळू एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते. सुकी पडलेली जुनी पुळण त्यानेही तयार होते. शिवाय बाष्पीभवनाने पडलेला खळगा भोवतालचा महासागर भरून काढतो. तो दशकानुदशके टिकत नाही. तरीही 'मालदीवला धोका नाही' म्हणणाऱ्यांनी हा दावा पुढे बरीच वर्षे वापरला.

२००९ मध्ये मायक्रोअॅटॉलवरूनच दाखवले गेले की सुमारे ४,००० ते २,१०० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा अर्धा मीटर वर होता. बर्फापासून दूरच्या बेटांवर असा फुगवटा अपेक्षितच आहे. हिमयुगातल्या जाड हिमस्तरांच्या भाराने त्यांच्या भोवती उचलला गेलेला समुद्रतळ पुढे हळूहळू खचत गेला आणि विषुववृत्ताकडचे पाणी तिकडे ओढले गेले.

२०२० चा निष्कर्ष जास्त अवघड आहे. मालदीवच्या दक्षिणेकडच्या हुवाधू कंकणद्वीपातल्या (कड्यासारख्या प्रवाळबेटांच्या समूहातल्या) मायक्रोअॅटॉलवरून गेल्या दोन हजार वर्षांत समुद्र दोनदा आजच्यापेक्षा सुमारे ०.९ मीटर खाली गेल्याचे मांडले गेले. दुसरी उतरण साधारण १४८० ते १८०० या काळातली. साचलेले पाणी प्रवाळाला वर नेते, खाली नाही. त्यामुळे बांधाचा आक्षेप जुन्या प्रवाळांना लागू पडत नाही. तो लागू पडतो तुलनेला घेतलेल्या जिवंत प्रवाळांना : तेच साचलेल्या पाण्यातले असतील तर फरक फुगतो. ०.९ मीटर दोनशे वर्षांत भरून निघायला वर्षाला चार मिलिमीटरहून जास्त चढ हवा. मुंबईच्या नोंदीत १८७८ नंतरचा दीर्घकालीन वेग एक मिलिमीटरहूनही कमी आहे. दोन ठिकाणांची पातळी हुबेहूब सारखी चालत नाही हे मान्य, पण एवढ्या तफावतीचा हिशेब लागायला हवा. त्यासाठी हुवाधूबाहेरच्या, उत्तरेकडच्या कंकणद्वीपांवर त्याच शतकांतले, खुल्या समुद्राला लागून वाढलेले मायक्रोअॅटॉल शोधून कापावे लागतील.