आतड्यात विषाणू सापडला, म्हणजे कारण सापडले का?

ब्रॉयलर कोंबड्यांची पिल्ले दहा-बारा दिवसांची झाली, की शेडमध्ये फिरणाऱ्या जाणत्या माणसाला कधीकधी एक गोष्ट खटकू लागते. एकाच दिवशी अंड्यातून बाहेर आलेली आणि एकच खाद्य खाणारी ही पिल्ले असतात, पण त्यांतली काही अंगाने चांगली भरलेली दिसतात, तर काही त्यांच्या निम्म्यानेही वाढलेली नसतात. खुजी राहिलेली पिल्ले फिकट दिसतात, त्यांच्या पंखांची पिसे वेडीवाकडी बाहेर आलेली असतात आणि पातळ विष्ठेत खाद्याचे न पचलेले कण जसेच्या तसे पडलेले असतात. मरतूक फार नसते, त्यामुळे सुरुवातीला कोणी घाबरत नाही. मात्र खाद्याचा खर्च चालू राहतो आणि वजन काही वाढत नाही. या लक्षणसमूहाला रंटिंग-स्टंटिंग सिंड्रोम म्हणतात. टर्कीच्या पिल्लांमध्येही आतड्याचे असेच गुंतागुंतीचे आजार आढळतात. यांमागे विषाणू असावेत हे बऱ्याच काळापासून ठाऊक आहे, पण नेमका कोणता विषाणू, हा प्रश्न वाटतो त्याहून पुष्कळ अवघड आहे.

अशा पिल्लाचे शवविच्छेदन केले, तर लहान आतडे फिकट, पातळ भिंतीचे आणि पाण्याने व वायूने फुगलेले दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली चित्र अधिक स्पष्ट होते. निरोगी आतड्याच्या आतल्या बाजूला व्हिलाय नावाचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे दाटीने उभे असतात आणि अन्नरसाचे शोषण त्यांच्यामार्फत होते. या उंचवट्यांच्या मुळाशी असलेल्या खोलगट ग्रंथींमध्ये नव्या पेशी जन्माला येतात आणि वर सरकत जाऊन झिजलेल्या पेशींची जागा घेतात. रोटाविषाणूसारखा विषाणू टोकाकडच्या परिपक्व पेशी नष्ट करतो. उंचवटे आखूड होतात, शोषणाचे क्षेत्रफळ घटते आणि भरपाई करण्यासाठी ग्रंथी अधिक वेगाने पेशी तयार करू लागतात. रंटिंग-स्टंटिंगमध्ये याच ग्रंथी फुगून पुटीसारख्या झालेल्या दिसतात, आणि ही खूण निदानाला फार उपयोगी पडते. तरीही आतड्याला इजा झाली आहे एवढेच त्यातून कळते, इजा करणारा कोण हे कळत नाही.

संशयितांची यादी लांबलचक आहे. अ‍ॅस्ट्रोविषाणू, रोटाविषाणू, रिओविषाणू, पार्वोविषाणू, अ‍ॅडिनोविषाणू, टर्कीमधला कोरोनाविषाणू आणि पिकोर्नाविषाणूंच्या कुळातले अनेक सदस्य या यादीत येतात. त्याआधी कॉक्सिडिया हे परजीवी, क्लॉस्ट्रिडियमसारखे जीवाणू आणि खाद्यातली बुरशीजन्य विषे यांची शक्यता तपासून बाजूला काढावी लागते, कारण बाहेरून दिसणारी लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात.

पूर्वी हा शोध प्रामुख्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर अवलंबून होता. विष्ठेचा स्वच्छ केलेला अर्क जाळीवर घेऊन जड धातूच्या क्षाराने रंगवला, की सुमारे सत्तर नॅनोमीटर व्यासाचा रोटाविषाणू चाकासारखा दिसतो आणि सहज ओळखू येतो. अडचण येते ती पंचवीस-तीस नॅनोमीटरच्या लहान, गोल कणांची. अ‍ॅस्ट्रोविषाणूला त्याच्या ताऱ्यासारख्या आकृतीवरून नाव मिळाले, पण ती आकृती दहातल्या जेमतेम एखाद्या कणावर दिसते, आणि बाकीचे कण पिकोर्नाविषाणूसारखेच भासतात. कोंबड्यांच्या मूत्रपिंडाला सूज आणणाऱ्या एव्हियन नेफ्रायटिस विषाणूची कथा या दृष्टीने सांगण्याजोगी आहे. जपानमध्ये ब्रॉयलर पिल्लांमधून मिळालेल्या या विषाणूचे वर्णन १९७९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला पिकोर्नाविषाणू मानले गेले. पुढे त्याच्या जनुकीय संहितेचे वाचन झाले आणि २००० साली तो अ‍ॅस्ट्रोविषाणू असल्याचे दाखवण्यात आले. एकवीस वर्षे एक विषाणू चुकीच्या कुळात नोंदला गेला होता, आणि त्यात निरीक्षकांचा दोष नव्हता, कारण केवळ आकारावरून एवढेच सांगता येत होते.

विषाणू वाढवून ओळखण्याचा मार्गही सरळ नाही. रिओविषाणू कोंबडीच्या भ्रूणाच्या यकृतपेशींमध्ये चांगला वाढतो, पण आतड्यातले अनेक विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये वाढायलाच तयार नसतात. त्यामुळे संवर्धनात हटकून रिओविषाणू मिळत गेला आणि संशयही त्याच्यावरच एकवटला. जो वाढतो तोच दिसतो, ही त्या पद्धतीची मोठी मर्यादा होती.

पीसीआर तंत्रामुळे ही मर्यादा बरीचशी दूर झाली. विषाणूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवून त्याचे अस्तित्व ओळखता येते, आणि रिअल-टाइम पीसीआरमध्ये तो किती प्रमाणात आहे याचाही अंदाज येतो. प्रत्येक चक्रात तुकड्यांची संख्या साधारण दुप्पट होत असल्याने, दोन नमुन्यांच्या निकालांमध्ये सुमारे ३.३ चक्रांचा फरक असेल तर विषाणूच्या प्रमाणात दहापट फरक असतो. खूप आधीच्या चक्रात आलेला निकाल आणि अगदी शेवटी कसाबसा आलेला निकाल, हे दोन्ही अहवालात नुसते ‘पॉझिटिव्ह’ म्हणून लिहिणे मला योग्य वाटत नाही. शिवाय विष्ठेतले काही घटक पीसीआरची अभिक्रियाच रोखतात, म्हणून प्रत्येक नमुन्यात एक ज्ञात नियंत्रक मिसळून अभिक्रिया नीट झाली की नाही हे पाहावे लागते. तसे केले नाही तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही.

पीसीआरची दुसरी उणीव अशी, की ज्याचा शोध घ्यायचा ठरवले तेवढेच तिला सापडते. विषाणूचे जनुक प्रायमर (जनुकाचा हवा तो तुकडा हेरणारा, मुद्दाम बनवलेला छोटा धागा) चिकटण्याच्या जागी बदललेले असेल तर तो निसटून जातो. मेटाजीनोमिक्समध्ये कोणताही संशयित आधी ठरवलेला नसतो. आतड्यातल्या द्रवातून पेशी आणि जीवाणू गाळून काढतात, मग विकरांच्या साहाय्याने उघडी पडलेली जनुकद्रव्ये नष्ट करतात. विषाणूंचे जनुकद्रव्य प्रथिनांच्या कवचात सुरक्षित असल्याने ते मागे राहते. त्यानंतर उरलेल्या सगळ्या जनुकद्रव्याचे वाचन करून ते तुकडे ज्ञात विषाणूंशी ताडून पाहतात. या पद्धतीने कोंबड्यांच्या आणि टर्कींच्या आतड्यांमध्ये आधी कल्पनाही नसलेले पिकोर्नाविषाणू, कॅलिसीविषाणू आणि पिकोबर्नाविषाणू समोर आले. त्यांच्यासोबत जीवाणूंना संसर्ग करणारे विषाणू आणि खाद्यातून आलेले वनस्पतींचे विषाणूही येतात, त्यांचा आजाराशी संबंध नसतो.

खरी अडचण यापुढे सुरू होते. अमेरिकेतील व्यावसायिक फार्मांवरून २००५ आणि २००६ साली गोळा केलेल्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा अ‍ॅस्ट्रोविषाणू, रोटाविषाणू आणि रिओविषाणू निरोगी दिसणाऱ्या कळपांमध्येही आढळले. हंगेरीत १९८४ साली खुज्या पिल्लांमधून वेगळा काढलेला पार्वोविषाणूही पुढे निरोगी पक्ष्यांमध्ये सापडला. म्हणजे आजारी पिल्लात विषाणू मिळाला एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. एखादा जंतू रोगाचे कारण आहे हे ठरवण्यासाठीचे रॉबर्ट कॉख यांचे निकष विषाणूंना जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे विषाणूशास्त्रज्ञ थॉमस रिव्हर्स यांनी १९३७ सालीच मांडले होते, आणि एकाच आतड्यात तीन-चार विषाणू एकत्र नांदत असतील तर हा पेच आणखी वाढतो. विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त ठेवलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना आजारी पिल्लांच्या आतड्यातला गाळलेला द्रव पाजला, तर आजार उमटतो, पण त्यातला एकच विषाणू वेगळा करून दिला, तर अनेकदा सौम्य लक्षणेच दिसतात. पक्ष्याचे वय, मातेकडून आलेली प्रतिपिंडे आणि सोबतचे इतर जंतू यांचा वाटा त्यात असतो.

म्हणूनच मला ऊतीच्या कापावरच विषाणूचे जनुकद्रव्य रंगवून दाखवणारे इन सिटू हायब्रिडायझेशन हे तंत्र फार मोलाचे वाटते. आखूड झालेल्या उंचवट्याच्या नेमक्या त्या पेशींमध्येच अ‍ॅस्ट्रोविषाणू दिसला, तर जागा, वेळ आणि इजा यांचा मेळ बसतो. तसा मेळ नुसत्या विष्ठेच्या तपासणीतून मिळत नाही.

हे सगळे नमुन्यावर अवलंबून आहे. आतड्याची ऊती मृत्यूनंतर काही तासांतच विघटित होऊ लागते, त्यामुळे सकाळी मेलेले सापडलेले पिल्लू ऊतीच्या तपासणीला जवळजवळ निरुपयोगी ठरते. नुकतीच लक्षणे दिसू लागलेली जिवंत पिल्ले निवडावीत, आतड्याचे तुकडे काही फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) आणि काही बर्फावर ठेवावेत, आणि फॉर्मेलिनमधले तुकडे कधीही गोठवू नयेत. त्याच शेडमधली चांगली वाढलेली पिल्लेही तपासणीला द्यावीत, नाहीतर तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतो. तीन आठवड्यांनी घेतलेल्या नमुन्यात बहुधा नंतर शिरलेले विषाणू दिसतात, म्हणून पहिल्या आठवड्यापासून ठरावीक अंतराने नमुने घेणे अधिक उपयुक्त असते. या यादीतल्या बहुतेक विषाणूंवर मेदाचे बाह्य आवरण नसल्याने साधी जंतुनाशके त्यांच्यावर फारशी चालत नाहीत आणि ते लिटरमध्ये, म्हणजे शेडच्या जमिनीवर अंथरलेल्या भुशात, दीर्घकाळ टिकून राहतात. त्यामुळे शेड रिकामी केल्यावर कोणते जंतुनाशक वापरायचे, जुने लिटर पूर्ण काढायचे की नाही, आणि रिओविषाणू ठरल्यास पैदाशीच्या कोंबड्यांच्या लसीकरणात बदल करायचा की नाही, हे निर्णय पुढची पिल्ले येण्याआधी त्या अहवालावरूनच घेता येतात.