‘मिस्टर ब्राइटसाइड’: एका पहिल्या गाण्याची पार्श्वभूमी

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात महाविद्यालयीन मुले गिटार-ड्रम जमवून बँड उभा करतात, तेव्हा त्यांचे पहिले स्वतःचे गाणे पुष्कळदा प्रेमातल्या दग्याचेच असते, आणि हा विषय चावून चोथा झालेला आहे, असे ऐकवणारेही लगेच भेटतात. त्या मुलांनी ‘द किलर्स’ या अमेरिकन रॉक बँडच्या ‘मिस्टर ब्राइटसाइड’ या पहिल्या गाण्याची जन्मकथा जरूर जाणून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

२००१ मध्ये लास व्हेगासमधील गिटारवादक डेव्ह क्यूनिंग याने साथीदार हवेत म्हणून स्थानिक साप्ताहिकात जाहिरात दिली आणि तिला ब्रँडन फ्लॉवर्स या गायकाने प्रतिसाद दिला. क्यूनिंगकडे एक सुरावट आधीच तयार होती: वरच्या तारा तशाच झंकारत राहतात आणि त्यांच्याखाली एकच स्वर पायरीपायरीने सरकतो. शब्द मात्र फ्लॉवर्सच्या आयुष्यातून आले. एका रात्री काहीतरी बिनसले आहे, अशी शंका येऊन तो झोपेतून उठला, ‘क्राउन अँड अँकर’ या बारमध्ये गेला, आणि त्याची प्रेयसी तिथे दुसऱ्या पुरुषाबरोबर दिसली.

गाण्यात मात्र त्या बारचा उल्लेखही नाही. त्यात आहे ती मत्सराने पेटलेली कल्पना: ती टॅक्सी बोलावते आहे, तो सिगारेट ओढतो आहे, आणि हे सगळे मनात पाहणाऱ्याच्या पोटात ढवळते आहे. कडव्याची चाल जवळजवळ एकाच स्वरावर खिळलेली आहे, आणि दुसरे कडवे फ्लॉवर्सने लिहिलेच नाही. पहिलेच पुन्हा गायले. आखाजीची झोक्यावरची आणि भुलाबाईची गाणी ऐकत वाढलेल्या खानदेशी कानाला या पुनरुक्तीचे बळ समजावून सांगावे लागत नाही, कारण तिथेही ओळ तीच राहते, एखादे नाव तेवढे बदलते, आणि सासुरवाशिणीची व्यथा दर फेरीला अधिक खोल उतरते. इथे तर शब्दही बदलत नाही, आणि फसवला गेलेला माणूस तेच चित्र पुन्हापुन्हा पाहत राहतो, ही त्याची खरी अवस्था त्यातून नेमकी उमटते. नवे कडवे जुळवले असते, तर गाणे अधिक नीटनेटके झाले असते, पण इतके खरे राहिले नसते.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. अमेरिकेतील एका बड्या कंपनीने बँडला करारबद्ध केले नाही. ध्वनिमुद्रणाचा नमुना लंडनच्या ‘लिझर्ड किंग’ या छोट्या स्वतंत्र कंपनीपर्यंत पोहोचला आणि सप्टेंबर २००३ मध्ये गाणे प्रथम ब्रिटनमध्ये प्रकाशित झाले. त्या वेळी त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. २००४ मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर ते ब्रिटनच्या यादीत दहाव्या क्रमांकावर गेले, त्याच वर्षी जूनमध्ये ‘हॉट फस’ हा पहिला अल्बम आला, आणि २००५ मध्ये अमेरिकेतही गाण्याने दहावा क्रमांक गाठला. दोन्ही देशांत ते पहिल्या क्रमांकावर कधीच पोहोचले नाही. तरीही ब्रिटनच्या पहिल्या शंभर गाण्यांच्या यादीत त्याने आजवर ४०० हून अधिक आठवडे काढले आहेत.