रिचार्जेबल सेलवर टॉर्च मंदच जळते का?
खिशातल्या जुन्या टॉर्चला एलईडी बल्ब बसवला तरी त्यात रिचार्जेबल सेल घालू नयेत, कारण ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असल्याने उजेड कमी पडतो, हा समज चुकीचा आहे. १.५ हा आकडा नव्या अल्कलाइन (एकदाच वापरून टाकायच्या) सेलचा असून वापर सुरू होताच तो घसरत जातो. निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे नेहमीचा रिचार्जेबल सेल मात्र जवळजवळ रिकामा होईपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो. खरी अडचण निराळी आहे: पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि दोन सेलच्या टॉर्चमध्ये ते या दोन्ही प्रकारच्या सेलकडून फार काळ मिळत नाहीत. म्हणून व्होल्टेज वाढवणारे सर्किट आतच असलेला बल्ब निवडावा. त्याऐवजी चांगल्या सेलला दोष दिला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.