अंधबधिरांच्या सहली आणि सामाजिक सोबत (खानदेश)

दृष्टी आणि श्रवण दोन्ही इतके कमी की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, अशा अवस्थेला अंधबधिरत्व म्हणतात. अशा व्यक्तींना घराबाहेर नेणे, माणसांत मिसळता येईल अशी सोय करणे आणि त्यासाठी जाणती सोबत मिळवून देणे या कामाचा येथे खानदेशाच्या, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या, संदर्भात विचार केला आहे. संपूर्ण अंधार आणि संपूर्ण शांतता हे या अवस्थेचे टोक होय. बहुतेकांना थोडे दिसते किंवा थोडे ऐकू येते, आणि नेमके तेच लोकांना गोंधळात टाकते. ‘मघाशी तर दिसत होतं, आता ढोंग करतो’ हे वाक्य अनेकांना घरच्यांकडूनच ऐकवले जाते.

आईला गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयदोष घेऊन जन्मू शकते. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली ती यासाठीही होती. दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे अशर सिंड्रोम. यात मूल बहुधा जन्मतःच बहिरे किंवा कमी ऐकणारे असते. पुढे शाळकरी किंवा तरुण वयात रातांधळेपणा येतो आणि दृष्टिक्षेत्र कडेने आक्रसत जाते. हा आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतो, त्यामुळे नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते. तिसरा आणि बहुधा सर्वांत मोठा गट म्हाताऱ्या माणसांचा आहे. त्यांना अंधबधिर असे कोणी म्हणतच नाही. ‘आबांना आता दिसत नाही, ऐकूही येत नाही’ एवढ्यावर विषय मिटतो आणि आबांची खाट ओसरीवरून आतल्या खोलीत जाते.

जागतिक अंधबधिर महासंघाच्या २०१८ च्या अहवालात लोकसंख्येच्या ०.२ ते २ टक्के लोक या ना त्या प्रमाणात अंधबधिर असल्याचा अंदाज दिला आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत मात्र त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना नव्हता. ‘एकाहून अधिक अपंगत्व’ यातच ते मोजले गेले. अपंगत्वाच्या दाखल्यावरही अनेकदा ‘अंध’ किंवा ‘कर्णबधिर’ यांपैकी एकच शब्द येतो. त्याचा परिणाम सहलीपर्यंत पोहोचतो. अंधांच्या सहलीत सगळे काही बोलून सांगितले जाते, कर्णबधिरांच्या मेळाव्यात सगळे हातवाऱ्यांनी चालते, आणि अंधबधिर माणूस दोन्हीकडे नुसता हजर असतो.

संवाद

प्रत्येकाची संवादाची रीत वेगळी असते आणि ती तो आधी बहिरा होता की आधी आंधळा, यावर ठरते. खुणांची भाषा आधीपासून येणारा माणूस दृष्टी गेल्यावर समोरच्याच्या हातांवर हात ठेवून त्याच खुणा स्पर्शाने वाचतो. आंधळेपणी वाढलेला आणि नंतर बहिरा झालेला माणूस ब्रेल जाणत असतो. त्याच्या बोटांवर सहा टिंबांची अक्षरे दाबून बोलता येते. जपानमध्ये ही बोटब्रेल पद्धत चांगली रुजली आहे. जर्मन भाषिक देशांत हिएरोनिमस लोर्म या लेखकाने १८८१ मध्ये बसवलेली तळहाताची वर्णमाला चालते. तिच्यात हाताच्या ठरावीक जागी टेकवलेले किंवा ओढलेले बोट म्हणजे एक अक्षर असते.

आपल्याकडे साक्षर माणसाशी बोलण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच्या तळहातावर आपल्या तर्जनीने देवनागरी अक्षर गिरवणे. शिरोरेघ सोडून द्यावी, अक्षरे एकापुढे एक न लिहिता एकाच जागी लिहावीत आणि शब्द संपला की तळहातावरून हात फिरवावा. जोडाक्षर फोडून लिहिले तरी बिघडत नाही. शाळेत न गेलेल्यांचे काम घरगुती खुणांवर चालते. मनगटावरची पाटली चाचपली की आजी, मिशीवर बोट ठेवले की काका, पाण्याचा पेला हातात दिला की जेवायची वेळ झाली. घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी अशी दुहेरी सवय असलेल्या खानदेशात सोबत्याने आधी घरातल्या बाईमाणसांकडून या खुणा शिकून घ्याव्यात. पुस्तकी खुणा घेऊन आलेला प्रशिक्षित कार्यकर्ता अशा घरात पहिले काही दिवस मुकाच असतो.

सोबती

सहलीचे यश ठिकाणावर ठरत नाही, सोबत्यावर ठरते. सोबत्याची कामे दोन: वाट दाखवणे आणि आजूबाजूला काय चालले आहे ते सांगत राहणे. पहिले काम कोणीही नातेवाईक करतो. दुसरे सहसा कोणी करत नाही, कारण एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने धरलेले दंड आणि डोळे गर्दीवर, अशा माणसाला सांगायला हातच उरत नाही. म्हणून एका अंधबधिर माणसामागे दोन सोबती असावेत आणि सामान तिसऱ्याने उचलावे. स्पर्शाने खुणा देणारा आणि घेणारा दोघेही लवकर थकतात. अर्ध्या तासाच्या आत पाळी बदललेली बरी.

चालताना सोबत्याने अंधबधिर व्यक्तीचा दंड धरू नये. तिने सोबत्याचा हात कोपराच्या किंचित वर धरावा आणि अर्धे पाऊल मागे राहावे. एसटीच्या पायरीशी आले की सोबत्याने क्षणभर थांबावे, तिचा हात दाराच्या दांड्यावर ठेवावा, मग आपण चढावे. अरुंद बोळ आला की सोबती आपला हात पाठीमागे घेतो. तेवढ्याने ती मागोमाग एका ओळीत येते. मध्येच कुठे जायचे असेल तर तसे सांगून आणि तिचा हात भिंतीला, खांबाला किंवा खुर्चीला लावून जावे. मोकळ्या मैदानात हात सोडून ‘आलोच’ म्हणून निघून जाणे याइतकी मोठी चूक दुसरी नाही. पाठीवर बोटाने मोठी फुली काढणे म्हणजे संकट आहे, काही न विचारता चला, ही खूण अनेक देशांत ठरलेली आहे. ती घरच्या सर्वांना माहीत असावी. पाठीवरच खोलीचा नकाशा काढता येतो. दार इथे, माणसे तिथे, जेवणाची पंगत पलीकडे. लोक हसले की पाठीवर बोटे नाचवून तेही कळवता येते. विनोद नंतर तळहातावर लिहिला तरी चालतो, पण हशा त्याच क्षणी पोहोचला पाहिजे.

अशर सिंड्रोम असलेल्यांसाठी काही गोष्टी निराळ्या असतात. त्यांच्याशी खुणांनी बोलताना फार जवळ उभे राहिले तर हात त्यांच्या आक्रसलेल्या दृष्टिक्षेत्राबाहेर जातात. चार पावले मागे सरकावे लागते. सोबत्याने एकरंगी, आपल्या कातडीच्या रंगाहून उठून दिसणारा कपडा घालावा. दिवस मावळला की त्यांचे बोलणे ऐकणे दोन्ही थांबते, म्हणून लग्नातली सायंकाळची वरात त्यांच्यासाठी संपूर्ण एकांतवास असतो. उन्हाची तिरीपही सोसत नाही, आणि खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कार्तिक ते माघ, सकाळी आठ ते अकरा, डोक्यावर टोपी आणि काळा चष्मा, असे वेळापत्रक येथे सोयीचे. या आजाराच्या पहिल्या प्रकारात कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही अधू असते, त्यामुळे खडबडीत वाटेवर आणि अंधारात पाय अडखळतात.

खानदेशातले प्रसंग

येथील सणवार माणसे जमवणारे आहेत, आणि अंधबधिर माणसाला घरी कोंडून सारे कुटुंब निघून गेले असे सहसा होत नाही. तक्रार वेगळी आहे. त्याला नेतात, बसवतात, ताट देतात आणि परत आणतात. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या सणाला, भाऊबंदकी एकत्र येते, रोट कुटुंबातच खायचे असतात, रात्रभर गाणी होतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जनाला जातात. या सगळ्यात कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला माणूस ढोलाचे ठोके जमिनीतून घेत असतो, पण कोण आले, कोणाची सून नवी, कोणाशी कोणाचे बोलणे बंद, यातले काही त्याच्यापर्यंत जात नाही. आलेल्या प्रत्येकाने त्याच्यासमोर बसून हातात हात देऊन आपली ओळख सांगायची, एवढी एक रीत घराने लावली तरी मोठा फरक पडतो. रोटासाठी दळण, कणीक भिजवणे, पुरण वाटणे ही कामे हातांची आहेत. त्यांतून त्याला वगळण्याचे काही कारण नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींचे झोके बांधले जातात. तोल अधू असलेल्याला झोक्याची भीती वाटू शकते, काहींना तोच सर्वांत आवडता खेळ असतो. आधी दोर, फळी आणि झाडाचे खोड चाचपू द्यावे, मग विचारावे.

माझ्या मते खानदेशातील सर्वांत चांगली सहल म्हणजे हिवाळ्यातली शेतातली भरीत पार्टी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो मान बाजूला ठेवला तरी हे जेवण स्पर्श आणि वास यांवर उभे आहे. वांगे हातात घेऊन त्याचे वजन आणि साल पाहता येते. पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळाची धग अंगाला लागते, वाऱ्याची दिशा धुरावरून समजते. भाजलेले वांगे निवले की सोलायचे, देठ धरून गर वेगळा करायचा, मिरची-लसूण आणि कांद्याच्या पातीसह ठेचायचा. ठेचण्याचे ठोके मनगटातून खांद्यापर्यंत जातात. केळीच्या पानावर कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी आणि भरीत वाढले की पानाची मधली शीर हाताला दिशा दाखवते. गर्दी कमी असते, वाहने नसतात, पाहुण्याला काम मिळते. सहल म्हणून कोणी वेगळे आयोजन केले नाही तरी चालते.

यात्रांचे गणित अवघड. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मालकाची परवानगी घेऊन शांत घोड्याच्या मानेवर हात ठेवणे, आयाळ चाचपणे, नाकपुडीतला उष्ण श्वास तळहातावर घेणे हा अनुभव डोळस माणसाच्या बघण्याहून उणा नाही. पण घोड्याच्या मागच्या बाजूला अंधबधिर माणसाला उभे करू नये, आणि जायचे तर मुख्य गर्दीच्या दिवशी न जाता आधी किंवा नंतर जावे. जळगावात कार्तिकी एकादशीला निघणाऱ्या रामाच्या रथाचेही तेच आहे. मिरवणुकीच्या गर्दीत शिरण्यापेक्षा रथ उभा असताना चाक, दोर आणि लाकडी कोरीवकाम हाताने पाहिलेले बरे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. पाणी गरम असल्याचे आधी समजावून हात धरून धारेखाली न्यावे. तोरणमाळचा घाट वळणावळणांचा आहे, पोट हलके ठेवून आणि थांबत थांबत जावे लागते.

कायदा, संस्था आणि पैसा

अंधबधिर अमेरिकन लेखिका हेलन केलर हिच्या नावाने बेरोझ वाच्छा यांनी १९७७ मध्ये मुंबईत अंधबधिर मुलांची शाळा सुरू केली. देशातील ही अशी पहिली शाळा. अहमदाबादेतील सेन्स इंटरनॅशनल इंडिया ही संस्था १९९७ पासून अनेक राज्यांत स्थानिक संस्थांच्या मदतीने काम करते. हेलन केलरचा २७ जून हा जन्मदिवस धरून जूनच्या शेवटच्या आठवड्यात जगभर अंधबधिर जागृती सप्ताह पाळतात. खानदेशात तेव्हा पेरणीची घाई असते, त्यामुळे शेतकरी कुटुंबांना बोलवायचे तर तो आठवडा गैरसोयीचा.

१९९५ च्या अपंग कायद्यात अंधबधिरत्वाचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि बहुविकलांगतेत अंधबधिरत्व नाव घेऊन घातले. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन हा हक्क म्हणून येतो, म्हणजे सहल ही दयेची बाब राहत नाही. कलम ३८ नुसार ज्याला जास्त आधाराची गरज आहे त्याला तो मागण्यासाठी अर्ज करता येतो. सोबत्याचा खर्च हा त्यातला खरा मुद्दा. एसटीत दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सवलत असते आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास सोबत्यालाही ५० टक्के. पण दाखल्यावर एकाच दोषाची टक्केवारी लागली असेल तर सोबत्याची सवलत हुकते. म्हणून सहलीआधीचे पहिले काम दाखला दुरुस्त करून घेणे.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी आपल्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ती बहुधा साहित्यवाटपात किंवा थेट खात्यावर जाते. अंधबधिर माणसाला दुसरी कुबडी नको असते. गावातल्याच दोन-तीन तरुणांना महिन्याकाठी काही दिवसांचे मानधन देऊन सोबती म्हणून तयार करण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. त्यासाठी अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना गावातले अंधबधिर कोण ते ठाऊक असते, कारण घरोघरी जाणे त्यांचेच असते. शिकवायला अंधबधिर माणूस स्वतः असावा. त्याच्या हाताला काय कळते आणि काय नाही, हे त्याच्याशिवाय दुसऱ्याला नीट सांगता येत नाही.