मजकूर वेगळा, पान वेगळे : डीटीपीतल्या दुरुस्तीची पार्श्वभूमी

नाशिकच्या कुठल्याही डीटीपी (म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्या) सेंटरमध्ये तासभर बसा, दुरुस्ती कशी चालते ते दिसेल. ऑपरेटर पान दोनशे टक्के मोठे करतो, प्रूफावरची लाल खूण बघतो, स्क्रीनवर ती जागा शोधतो, एक वेलांटी खोडून दुसरी घालतो आणि पुढच्या खुणेकडे सरकतो. चाळीस पानी स्मरणिका असली की सबंध दुपार त्यात जाते. हेच काम बरेच लवकर व्हावे अशी सोय १९९० पासून सॉफ्टवेअरमध्ये आहे : ‘स्टोरी एडिटर’, म्हणजे पान बाजूला ठेवून नुसता मजकूर दुरुस्त करायची खिडकी. ती आपल्याकडे रुळली नाही, त्याची मुळे बरीच मागे जातात.

नाशिकरोडच्या नोटांच्या आणि मुद्रांकांच्या सरकारी छापखान्यांमुळे आपले गाव देशभर माहीत आहे. पण मी बोलतोय ते गावातल्या ट्रेडल मशिनांबद्दल. लग्नपत्रिका, हँडबिले, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल ही त्यांची रोजची कामे. तिथे शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, जुळवून पान उभे राही. देवनागरीच्या मुंबईकडच्या ‘डिग्री’ पद्धतीत मूळ अक्षराचा खिळा वेगळा, वरची मात्रा वेगळी, खालचा उकार वेगळा. ओळीत एक शब्द वाढला की पुढच्या सगळ्या ओळी चिमट्याने उचलून नव्याने बसवायच्या. म्हणून जाणता मुद्रितशोधक जेवढी अक्षरे काढी, साधारण तेवढ्याच रुंदीचा शब्द सुचवी. मजकूर आणि पान ही तेव्हा एकच वस्तू होती. मजकुराला हात लावला की पान हलणारच.

पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीने जुलै १९८५ मध्ये अॅपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी पेजमेकर हे पाने जुळवण्याचे सॉफ्टवेअर आणले. कंपनीचे नाव व्हेनिसचे जुने मुद्रक आल्डस मॅन्यूशियस यांच्यावरून घेतलेले. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ (डीटीपी) हा शब्दही ब्रेनर्ड यांचाच. जोडीला अॅपलचा लेझर प्रिंटर आणि पान कसे छापायचे ते प्रिंटरला सांगणारी अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट भाषा होती, त्यामुळे टेबलावर बसून छपाईयोग्य पान काढता येऊ लागले. पण सुरुवातीच्या आवृत्त्यांत दुरुस्ती पानावरच करावी लागे. प्रत्येक अक्षरासरशी ओळी पुन्हा मोडायच्या, पान पडद्यावर पुन्हा उमटायचे, आणि त्या काळातली यंत्रे तेवढ्यानेही दमायची.

१९९० मध्ये पेजमेकरच्या चौथ्या आवृत्तीत स्टोरी एडिटर आला. कंट्रोल-ई दाबले की लेखाचा नुसता मजकूर वेगळ्या खिडकीत उघडतो. स्तंभ नाहीत, चित्रे नाहीत, पाने नाहीत. पाच पानांवर पसरलेला लेख एका धारेत वाचता येतो, शोधा-बदला तिथेच चालते आणि खिडकी बंद केली की पान एकदाच नव्याने जुळते. मला विचाराल तर माउसपेक्षाही हा शोध मोठा.

मराठीत मात्र तो अडला. पेजमेकरला देवनागरी ठाऊकच नव्हती. श्रीलिपी, आयएसएमसारख्या मराठी टायपिंगच्या पॅकेजांनी वाट काढली ती अशी की रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. पडद्यावर मराठी, पोटात रोमन. स्टोरी एडिटर सगळा मजकूर एकाच फॉन्टात दाखवतो, आणि तो फॉन्ट मुळात इंग्रजी असतो. त्यामुळे खिडकी उघडली की लेखाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसे. प्रेफरन्समध्ये जाऊन तिथला फॉन्ट मराठी करता येतो, पण हे सांगणारे कोणी नव्हते. बहुतेकांनी खिडकी एकदा उघडली, घाबरून बंद केली आणि पुन्हा पानावर परतले.

शोधायची तऱ्हाही तशीच. जुन्या फॉन्टात अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठतात. ‘नाशिक’ म्हणजे न, काना, मग वेलांटी, मग अर्धा श, मग त्याचा दंड, शेवटी क. ‘धर्म’मधला रफार म नंतर टाइप व्हायचा. एखाद्या जोडाक्षराचा तयार तुकडा एकाने वापरला आणि दुसऱ्याने तेच अर्धे अक्षर जोडून केले, तर डोळ्यांना शब्द एकच, संगणकाला दोन. अशा मजकुरात ‘शोधा’वर विसंबणे धोक्याचे होते. ऑपरेटरने डोळ्यांवर भरवसा ठेवला तो अनुभवाने ठेवला, आणि मला तो बरोबरच वाटतो.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यात वेलांटी आधी दिसली तरी व्यंजनानंतरच साठते. पण पेजमेकर शेवटपर्यंत युनिकोडकडे वळला नाही. अडोबीने १९९४ मध्ये आल्डस घेतली आणि १९९९ मध्ये इनडिझाइन हे पाने जुळवण्याचे नवे सॉफ्टवेअर आणले. त्यात स्टोरी एडिटर २००३ ला आला, नमुन्यावरून शोध घेणारे ग्रेप २००७ ला, आणि भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय २०१२ च्या ‘सीएस सहा’ या आवृत्तीमध्ये.

सोय आली तरी मराठीची जाण आपल्यालाच ठेवावी लागते. एका स्मरणिकेत जुन्या लेखांतले ‘नासिक’ सगळीकडे ‘नाशिक’ करायचे होते. मी एका झटक्यात सगळे बदलले. दुसऱ्या प्रूफात पंचवटीच्या कथेवर आलो तेव्हा लक्ष्मणाने शूर्पणखेची ‘नाशिका’ कापली होती. ज्या नाकावरून गावाचे नाव पडले असे सांगतात, तेच मी बिघडवले होते. ‘पूर्ण शब्दच शोधा’ हा पर्याय इथे कामाचा नाही, कारण नासिकला, नासिकचा, नासिकहून अशी रूपे प्रत्ययासकट एकच शब्द असतात आणि ती सुटतात. ग्रेपमध्ये ‘ज्या नासिकपुढे काना नाही तेवढेच घे’ असे सांगता येते. मग नासिका जागेवर राहते. एखादे ‘नासिकात’ मागे उरते, ते हाताने बदलायचे.

पुष्कळ दुकानांत आजही एक जुना संगणक फक्त पेजमेकरसाठी राखलेला आहे, कारण गिऱ्हाइकाची गेल्या वीस वर्षांची कामे त्या फायलींत आहेत. नव्या कामाचा मजकूर व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये येतो, तो पेजमेकरमध्ये पेस्ट केला की नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. मग युनिकोडचा जुना फॉन्ट करणारा कन्व्हर्टर चालवायचा, आणि त्याने मोडलेले रफार पान दोनशे टक्के मोठे करून एकेक शोधायचे.